जुने प्रोग्रॅम, नवं मशीन: ओपन सोर्स एम्युलेटरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाट आवरताना फ्लॉप्या सापडल्या, किंवा जुन्या हार्ड डिस्कची कॉपी हाती लागली, आणि त्यातला एखादा प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा आहे. अशा वेळी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचलंच पाहिजे असं नाही. पण "कोणता एम्युलेटर घेऊ?" एवढंच विचारायला आला असाल तर आधीचे तीन प्रश्न वाचून मगच तिकडे जा. चुकीची निवड बहुतेक वेळा तिथेच सुरू होते.

एम्युलेटर नेमकं काय करतो?

सोंग आणतो. जुन्या प्रोग्रॅमला वाटत असतं की आपण ८०८६ प्रोसेसरवर, ६४० केबी मेमरीत, फ्लॉपी ड्राइव्हच्या शेजारी बसलो आहोत. प्रत्यक्षात तो तुमच्या लॅपटॉपवरच्या एका खिडकीत असतो. प्रोग्रॅमने मेमरीतल्या एका ठराविक पत्त्यावर एक अक्षर लिहिलं की एम्युलेटर ते पकडतो, त्या काळच्या व्हिडिओ कार्डाने काय केलं असतं ते बघतो आणि तसं चित्र पडद्यावर काढतो. असं सेकंदाला लाखो वेळा चालतं.

कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० आणली तेव्हा ग्राहकांकडे आधीच्या १४०१ साठी लिहिलेले प्रोग्रॅम ढिगाने पडून होते. ते फेकून द्यायला कोणी तयार होईना, म्हणून नव्या मशीनच्या पोटातच जुन्याचं सोंग आणायची सोय करून दिली.

व्हर्च्युअल मशीन, वाइन आणि एम्युलेटर हे एकच ना?

नाही, आणि हा फरक कळला की अर्धी डोकेदुखी वाचते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोसेसर खराच असतो. व्हर्च्युअलबॉक्स किंवा लिनक्सचं केव्हीएम आतल्या सिस्टिमच्या सूचना थेट तुमच्या प्रोसेसरकडे सोपवतं. सोंग असतं ते डिस्क, नेटवर्क कार्ड आणि पडद्याचं. म्हणून ते वेगवान असतं, आणि म्हणूनच १९८८ च्या प्रोग्रॅमला ते बऱ्याचदा मानवत नाही.

एम्युलेटरमध्ये प्रोसेसरसुद्धा सोंगाचाच. एक पद्धत अशी की जुनी सूचना एकेक वाचायची, अर्थ लावायचा, अंमलात आणायची. हे सरळ पण सावकाश काम. दुसऱ्या पद्धतीत कोडचा तुकडाच्या तुकडा नव्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तोच वापरायचा. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये आणलेला क्यूईएमयू या दुसऱ्या पद्धतीमुळे गाजला. १९९४ पासूनचा बॉक्स (Bochs) नावाचा एम्युलेटर हा पहिल्या पद्धतीचा. तो आजही हळू आहे, पण ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे लोक त्यातला डीबगर (चुका शोधायचं साधन) सोडायला तयार नसतात.

वाइन ही तिसरीच गोष्ट. नावाचा अर्थच "वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर". इथे मशीनचं सोंगच नाही. विंडोजचा प्रोग्रॅम "खिडकी उघड" म्हणतो, तेव्हा वाइन ती हाक लिनक्सच्या किंवा मॅकच्या भाषेत पुढे पोचवतं. काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि १.० आवृत्ती २००८ मध्ये आली. मधली १५ वर्षं विंडोजच्या लिहून न ठेवलेल्या सवयी शोधण्यात गेली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

पण विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर डबल क्लिक केल्यावर का चालत नाही?

बहुधा तो १६ बिटचा आहे. डॉसचे (म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे) आणि विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम १६ बिटचे. ३२ बिटच्या विंडोजमध्ये ते चालवायला एनटीव्हीडीएम नावाचा एक भाग असायचा. ६४ बिटच्या विंडोजमध्ये तो नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. प्रोसेसरचाही यात हात आहे: ६४ बिटच्या मोडमध्ये गेल्यावर डॉससाठी ठेवलेला व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळत नाही.

यातला एक चकवा लक्षात ठेवा. १९९६ च्या आसपासच्या कितीतरी सीडींवर प्रोग्रॅम ३२ बिटचा आणि त्याचा सेटअप मात्र १६ बिटचा आहे. सेटअप अडतो आणि माणूस समजतो की प्रोग्रॅमच कालबाह्य झाला. अशा वेळी विंडोज ९५ चालणाऱ्या एम्युलेटरमध्ये तो इन्स्टॉल करायचा आणि तयार फोल्डर बाहेर आणून बघायचं. साधे प्रोग्रॅम असेही चालून जातात. वाइनचाच कोड घेऊन बनवलेलं वाइनव्हीडीएम ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे विंडोज प्रोग्रॅम थेट चालवतं, ते आधी करून पाहायला हरकत नाही. गंमत म्हणजे ६४ बिटच्या लिनक्सवर वाइनमध्येही हे प्रोग्रॅम चालतात. म्हणजे विंडोजचा जुना प्रोग्रॅम विंडोजपेक्षा लिनक्सवर सुखाने नांदतो.

बरं, मग कोणता एम्युलेटर घेऊ?

एम्युलेटरच्या नावापासून सुरुवात करू नका. तुमचा प्रोग्रॅम जुन्या मशीनच्या कोणत्या सवयींवर विसंबून आहे, हे आधी बघा. फक्त डॉस हवंय का? ठराविक साउंड कार्ड हवंय? प्रोसेसरचा ठराविक वेग? पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या खाचेला) लावलेलं काही? जेवढं सोंग गरजेचं तेवढंच आणायचं. जास्त आणलं की मशीन घामाघूम होतं, कमी आणलं तर प्रोग्रॅम रुसतो.

डॉसचा खेळ किंवा एकट्याने वापरायचा साधा प्रोग्रॅम असेल तर डॉसबॉक्स. तो २००२ पासून आहे, पण मूळ प्रकल्पाच्या नव्या आवृत्त्या आता फार क्वचित येतात. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने डॉसबॉक्स स्टेजिंग किंवा डॉसबॉक्स-एक्स घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेजिंगमध्ये चित्र आणि आवाज फार नीट जमवलाय. एक्सचा सगळा भर "डॉसमध्ये जे जे होतं ते ते" यावर: छपाई, विंडोज ३.१, अगदी विंडोज ९८ सुद्धा. त्याच्या सेटिंगची फाइल पाहून दडपण येईल. येऊ द्या, त्यातल्या बहुतेक ओळींना आयुष्यात हात लावावा लागत नाही.

विंडोज ९५, ९८ किंवा विशिष्ट मदरबोर्ड, विशिष्ट ग्राफिक्स कार्ड लागत असेल तर ८६बॉक्स. इथे तुम्ही कॉम्प्युटर अक्षरशः जोडता: मदरबोर्ड निवडा, प्रोसेसर निवडा, मेमरी घाला, साउंड ब्लास्टर बसवा. सुरू केलं की बायॉस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) मेमरी मोजताना दिसतो. हौशी माणसाचे दोन रविवार सहज जातात.

डॉसचा खेळ "पॉइंट अँड क्लिक" जातीचा असेल तर आधी स्कमव्हीएम बघा. तिथे मशीनही नाही आणि डॉसही नाही; खेळाचं इंजिनच नव्याने लिहिलेलं आहे. त्याला फक्त मूळ खेळाच्या डेटा फाइल लागतात.

पीसीबाहेरच्या जगासाठी: कमोडोर ६४ असेल तर व्हाइस, अमिगासाठी एफएस-यूएई किंवा विनयूएई, अटारी एसटीसाठी हटारी. जुन्या मॅकमध्ये तीन पायऱ्या आहेत. मॅक प्लसच्या काळातलं असेल तर मिनी व्हीमॅक, रंगीत ६८के मॅकसाठी बसिलिस्क टू, पॉवरपीसीवरच्या मॅक ओएस ९.०.४ पर्यंतच्या गोष्टींसाठी शीपशेव्हर. पीडीपी-११ किंवा व्हॅक्स म्हणजे एकच नाव, सिमएच. त्यावर १९७५ चं सहाव्या आवृत्तीचं युनिक्स चालवून बघा. लॉगिन झाल्यावर फोल्डर बदलायची कमांड "सीडी" नसून "सीएचडीआयआर" आहे हे कळायलाच थोडा वेळ जातो.

डॉसबॉक्स बसवला. काळी खिडकी आली, "झेड" लिहिलंय. पुढे काय?

झेड हा डॉसबॉक्सचा स्वतःचा ड्राइव्ह. तुमच्या फाइल त्याला अजून दिसतच नाहीत. प्रोग्रॅमसाठी एक वेगळं फोल्डर करा आणि माउंट कमांडने ते सी ड्राइव्ह म्हणून जोडा: "माउंट", मग "सी", मग फोल्डरचा पत्ता. नंतर सी आणि कोलन टाइप करून एंटर. सीडीची किंवा फ्लॉपीची इमेज (आख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवलेली एक फाइल) असेल तर माउंटऐवजी आयएमजीमाउंट (imgmount).

खऱ्या मशीनचा सगळा सी ड्राइव्ह माउंट करायचा मोह टाळा. जुन्या प्रोग्रॅमच्या "सगळं पुसा" या पर्यायाला तुमचे फोटो आणि त्याची टेंपररी फाइल यातला फरक कळत नाही. फाइलची नावं आठ अधिक तीन अक्षरांतच ठेवा. दर वेळी माउंट टाइप करायचा कंटाळा आला की सेटिंग फाइलच्या तळाशी ऑटोएक्झेक नावाचा भाग असतो, तिथे या ओळी लिहून ठेवा.

प्रोग्रॅम भलत्याच वेगाने पळतो. किंवा रखडतो.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. एम्युलेटरच्या बाबतीत पैशाच्या जागी वेळ घाला.

जुने कितीतरी प्रोग्रॅम घड्याळ बघतच नाहीत. "इतके आकडे मोज, तोवर थोडा वेळ जाईल" असा त्यांचा हिशेब. ४.७७ मेगाहर्ट्झच्या पहिल्या पीसीवर तो बरोबर होता. आज तोच खेळ सुरू केला की पात्र पडद्याच्या एका टोकाला दिसतं न दिसतं तोच दुसऱ्या टोकाला आपटून मेलेलं असतं. डॉसबॉक्समध्ये यासाठी सायकल्स नावाचं सेटिंग आहे, म्हणजे एका मिलिसेकंदात किती सूचना चालवायच्या. ढोबळ अंदाज असा धरा: ३०० च्या आसपास पहिला पीसी, ६००० म्हणजे ३३ मेगाहर्ट्झचा ३८६, २५,००० म्हणजे ६६ मेगाहर्ट्झचा ४८६. चालू असताना कंट्रोल एफ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल एफ१२ ने वाढतो. आकडा जमला की सेटिंगमध्ये लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तीच कसरत.

८६बॉक्समध्ये उलटी तक्रार असते. तिथे वरच्या पट्टीवर टक्केवारी दिसते आणि ती १०० असायला हवी. सत्तरवर घसरली, आवाज तुटायला लागला, की हावरटपणा सोडून आतला प्रोसेसर एक पायरी खालचा निवडायचा. सोंगातलं पेंटियम जितकं तगडं, तितकं तुमचं खरं मशीन जास्त राबतं.

सायकल-अचूक, म्हणजे प्रोसेसरची प्रत्येक टिकटिक बरोबर साधणारा, हा शब्दही वारंवार कानावर येतो. युरोपातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या कमोडोर ६४ मध्ये पडद्यावर एक ओळ काढायला प्रोसेसरच्या ६३ टिकटिकी लागत आणि एका चित्रात ३१२ ओळी. हुशार मंडळी नेमक्या एका टिकटिकीला रंग बदलून, जिथे चित्र काढताच येत नाही त्या कडेच्या पट्टीवर चित्र काढत. एम्युलेटर एका टिकटिकीने चुकला तरी ते चित्र फाटतं. तुमचा टायपिंग शिकवणारा प्रोग्रॅम असलं काही करत नाही, त्यामुळे ही चिंता तुम्ही सोडून द्या.

"रनटाइम एरर २००" येतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो. फाइल खराब झाली का?

फाइल ठणठणीत आहे. माझा अत्यंत आवडता बग हा. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या आणि क्रट नावाचं युनिट वापरणाऱ्या प्रोग्रॅमांत तो सापडतो.

"थोडं थांब" ही कमांड चालवण्यासाठी क्रटला मशीनचा वेग माहीत हवा असतो. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताच ते एक रिकामी फेरी मारत राहतं आणि पीसीच्या घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या झाल्या ते मोजतं. मग त्या आकड्याला ५५ ने भागतं, की एका मिलिसेकंदाच्या फेऱ्या मिळाल्या. भागाकार ठेवायला जागा १६ बिटची, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. मशीन वेगवान झालं, फेऱ्या वाढल्या, उत्तर त्या जागेत मावेना. प्रोसेसर अशा वेळी शून्याने भागल्यासारखाच इशारा देतो, आणि पास्कल त्याला २०० क्रमांकाची चूक म्हणतं. कोणी शून्याने भागलेलंच नसतं!

उपाय: सायकल्स कमी करा, प्रोग्रॅम सुरू करा. मोजणी फक्त सुरुवातीलाच होते, त्यामुळे नंतर वेग वाढवला तरी चालतो. खऱ्या मशीनवर चालवायचाच असेल तर ही चूक दुरुस्त करणारे छोटे पॅच आहेत.

विंडोज ९५ ची गोष्टही याच जातकुळीची. साधारण २.१ गिगाहर्ट्झच्या वरच्या प्रोसेसरवर त्याचा नेटवर्कचा भाग असाच भागाकारात अडखळतो आणि सुरू होतानाच "विंडोज प्रोटेक्शन एरर" देतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये खरा प्रोसेसर असल्याने तिथे ते हमखास दिसतं. ८६बॉक्समध्ये आत १३३ मेगाहर्ट्झचं पेंटियम बसवलेलं असतं, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही.

जुना हिशेबाचा प्रोग्रॅम रोजच्या कामाला वापरायचाय. चालेल?

चालेल, पण डोळे उघडे ठेवून. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी आहे. दोन मशीनवरून एकच डेटा फाइल एकाच वेळी उघडली तर खऱ्या डॉस नेटवर्कवर फाइल लॉक व्हायची. मूळ डॉसबॉक्सकडून ती अपेक्षा धरू नका. दोघांनी एकाच वेळी नोंदी केल्या की इंडेक्स फाइल बिघडते, आणि ती बिघडलीये हे वर्षअखेरीला बेरजा जुळेनात तेव्हा कळतं.

माझ्या ओळखीच्या एका छोट्या कचेरीत नेमकं हेच झालं. सहा महिने सुरळीत चाललेलं होतं. मग एक दिवस एकाच पावती क्रमांकावर दोन वेगळ्या रकमा निघाल्या. प्रोग्रॅमचा दोष नव्हता आणि एम्युलेटरचाही नव्हता. एकट्याने वापरायची गोष्ट दोघांनी वापरली होती.

अशा कामाला लिनक्सवर डॉसईम्यू२ किंवा कुठेही डॉसबॉक्स-एक्स घ्या. एका वेळी एकच माणूस, हा नियम शक्यतो पाळा. आणि रोज संध्याकाळी डेटाचं फोल्डर तारखेनिशी कॉपी करा. एम्युलेटरची सेव्ह स्टेट (चालू मशीन आहे तसं गोठवून ठेवलेली फाइल) म्हणजे बॅकअप नव्हे: एम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुनी स्टेट उघडेलच याची खात्री नसते.

छपाई कशी करायची?

डॉसचा प्रोग्रॅम पॅरलल पोर्टवर थेट अक्षरं ओततो. यूएसबी प्रिंटर ही चीज त्याने पाहिलेलीच नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्टला सोंगाचा प्रिंटर जोडता येतो, तो पान चित्र म्हणून साठवतो. नुसता मजकूर हवा असेल तर त्याच पोर्टला फाइल जोडा, प्रोग्रॅम जे छापेल ते सगळं त्यात येऊन पडेल. त्यात मधेमधे दिसणाऱ्या विचित्र खुणा म्हणजे ठळक करा, अक्षर लहान करा अशा प्रिंटरला दिलेल्या सूचना.

पॅरलल पोर्टला लावायचं डोंगल (प्रोग्रॅमची चोरटी कॉपी चालू नये म्हणून दिलेली किल्ली) आहे. ते लागतंच.

हा सगळ्यात चिवट प्रकार. जुनं मशीन जिवंत असेल तर त्याला जपा, आणि त्यातून डेटा साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढायच्या मागे लागा.

फ्लॉपीवरून माल बाहेर कसा काढू?

घाईने. चुंबकीय थर म्हातारा होत चाललाय.

साडेतीन इंची असेल तर यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. फाइल ओढून कॉपी करत बसू नका, आख्ख्या फ्लॉपीची इमेज घ्या. ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट: १४,७४,५६० बाइटची फाइल झाली म्हणजे १.४४ एमबीची फ्लॉपी पूर्ण उतरली. आकडा कमी असेल तर काहीतरी राहिलंय. लिनक्सवर डीडीरेस्क्यू वापरा. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब सेक्टरवर पुन्हा पुन्हा येतं आणि काय मिळालं नाही याची नोंद ठेवतं. वाचायला लावण्याआधी लिहिण्यापासून अडवणारी खिटी सरकवून घ्या.

सव्वापाच इंचीला जुना ड्राइव्हच लागतो. तो आजच्या मशीनला जोडायला ग्रीझवीझल नावाचं ओपन सोर्स बोर्ड मिळतं. ते बाइट न वाचता चुंबकीय बदलांच्या वेळा टिपतं, त्यामुळे कॉपीपासून संरक्षण असलेल्या किंवा पीसीच्या नसलेल्या फ्लॉप्याही उतरतात. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची फ्लॉपी वाचायला हरकत नाही, पण तिच्यावर लिहू मात्र नका. त्या ड्राइव्हचं डोकं अरुंद असतं. त्याने लिहिलेलं मूळच्या ड्राइव्हला धड वाचता येत नाही.

वर्डस्टारची फाइल उघडली, पण प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बिघडलंय.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मीसुद्धा फ्लॉपीला दोष दिला होता. माझीच पत्रं होती, आणि प्रत्येक शब्द शेवटच्या अक्षरावर येऊन तोतरा होत होता.

जुन्या वर्डस्टारने शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरला होता. साधं इंग्रजी अक्षर सात बिटांत मावतं, एक बिट मोकळा पडलेला, तो त्याने कामाला लावला. छोट्या ई चा क्रमांक १०१. त्यात १२८ मिळवले की २२९, आणि आजच्या एडिटरच्या तक्त्यात २२९ वर आहे डोक्यावर वाटोळं असलेला ए. म्हणून ई ने संपणारा प्रत्येक शब्द स्वीडिश दिसायला लागतो.

१२७ च्या वरच्या प्रत्येक बाइटमधून १२८ वजा केले की मजकूर परत येतो. त्याआधी एक काम: वर्डस्टार स्वतःहून ओळ मोडतो तिथे १४१ क्रमांकाचा बाइट ठेवतो, तो १३ अधिक १२८. आधी या १४१ आणि त्याच्या पाठोपाठच्या १० ची जोडी काढून तिथे मोकळी जागा टाका, मग वजाबाकी करा. उलट क्रमाने केलंत तर प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होऊन बसते. हे काम एम्युलेटरशिवाय होतं, पण मूळ पान कसं दिसायचं ते बघायला वर्डस्टार एकदा डॉसबॉक्समध्ये उघडून ठेवा.

चित्र चपटं का दिसतं? वर्तुळं अंड्यासारखी आलीयेत.

३२० गुणिले २०० ठिपक्यांचं चित्र तेव्हा चारास तीन आकाराच्या पडद्यावर ताणलेलं असायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच. आजचे ठिपके चौकोनी. सेटिंगमध्ये ॲस्पेक्ट चालू करा.

एम्युलेटर वापरणं कायदेशीर आहे का?

एम्युलेटर हा स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम आहे, त्यात गैर काही नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० साली अपील कोर्टाने, चालणारं मशीन समजून घेण्यासाठी त्याचा बायॉस उलगडून पाहणं योग्य वापरात बसतं, असं म्हटलं. प्रश्न येतो तो आत चालवायच्या मालाचा: बायॉस, रॉम (मशीनच्या चिपमध्ये पक्का भरलेला प्रोग्रॅम), ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रॅम. हे जुने झाले म्हणून त्यांच्यावरचा कॉपीराइट संपत नाही. "आता कोणी विकत नाही" ही सबब समजण्यासारखी आहे, पण ती परवानगी नव्हे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, तेव्हा आपल्या इथलं बघून घ्या.

सरळ मार्गही बरेच आहेत. डॉसऐवजी फ्रीडॉस वापरा. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉस गुंडाळणार हे कळल्यावर जिम हॉल यांनी १९९४ मध्ये ते सुरू केलं आणि अजून चालू आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतःही एमएस-डॉस १.२५, २.० आणि २०२४ मध्ये ४.० चा सोर्स एमआयटी परवान्याखाली मोकळा केला. अटारीच्या रॉमच्या जागी इम्यूटॉस, अमिगाच्या किकस्टार्टच्या जागी एआरओएस. सगळं काही चालत नाही, पण बरंच चालतं.

फुकटात चांगले बंद सोर्सचे एम्युलेटरही असतात. ओपन सोर्सचा एवढा हट्ट का?

कारण एम्युलेटरही म्हातारा होतो. २००५ मधला बंद सोर्सचा एम्युलेटर आज चालवायला आणखी एक एम्युलेटर लागतो. सोर्स मोकळा असेल तर मूळ लेखक कंटाळला तरी दुसरा कोणी उचलतो: डॉसबॉक्सच्या फांद्या अशाच फुटल्या, ८६बॉक्सही एका जुन्या प्रकल्पातूनच निघाला. बॉक्स आधी पैसे घेऊन मिळायचा. २००० मध्ये मँड्रेकसॉफ्टने तो विकत घेऊन मोकळा केला. मेम (MAME) या आर्केड खेळांच्या मशीनच्या एम्युलेटरचा सोर्स १९९७ पासून बघायला मिळत होता, पण व्यापारी वापराला बंदी होती. खऱ्या अर्थाने ओपन सोर्स व्हायला त्याला २०१६ उजाडलं. मेमचे लोक तर म्हणतात की खेळ चालणं हा जोडधंदा आहे, खरं काम म्हणजे ती मशीन कशी चालायची याची नोंद. कोड वाचला की हे पटतं. कितीतरी चिपांबद्दल इतकी तपशीलवार माहिती दुसरीकडे सापडणं अवघड.

काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये चालेल?

हो. बेलार्ड यांनी २०११ मध्ये ब्राउझरमध्ये लिनक्स चालवून दाखवलं, आता व्ही८६ नावाच्या एम्युलेटरमध्ये विंडोज ९८ सुद्धा चालतं. इंटरनेट आर्काइव्हवर हजारो डॉस प्रोग्रॅम एका क्लिकवर उघडतात. चाखून बघायला हे उत्तम. काम करायला नको, टॅब बंद केली की लिहिलेलं गेलं.

माझा लॅपटॉप आर्म प्रोसेसरचा आहे.

डॉससाठी काही फरक पडत नाही, सोंग दोन्हीकडे सारखंच. विंडोज एक्सपीसारखं जड काही क्यूईएमयूमध्ये चालवाल तर संथ वाटेल, कारण एक्स८६ ची प्रत्येक सूचना उतरवून घ्यावी लागते. मॅकवर यूटीएम हे क्यूईएमयूचंच नीटनेटकं रूप.

आतल्या विंडोज ९८ ला इंटरनेट जोडू का?

कशाला? त्याचे सुरक्षेचे अपडेट २००६ मध्ये थांबले, आणि आजच्या साइट त्यातल्या ब्राउझरला उघडतही नाहीत. फाइल आत न्यायच्या असतील तर आयएसओ इमेज बनवून सीडी म्हणून लावा.

माऊस खिडकीत अडकलाय, बाहेर येत नाही!

डॉसबॉक्समध्ये कंट्रोल एफ१०. क्यूईएमयूमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि जी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवीकडचा कंट्रोल. इतर ठिकाणी खिडकीच्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पण माऊस हरवल्यावर तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.